तापलेली फरशी

नऊ दहाला अजूनही पोटात गोळा येतो.
धंतोलीतल्या त्या लॅबचं शटर
आता माझ्याशिवाय वर जातं,
तरी बोट आपोआप टेकतं ओट्याच्या कडेला,
हजेरीच्या यंत्रावर टेकावं तसं.

सहा वर्षं बिलिंगच्या खिडकीत.
खुर्ची होती, पण मॅडम आल्या की उठायचं
आणि त्या जाईपर्यंत उभंच राहायचं.
एकदा पावणेतीन तास,
पावत्यांत अठ्ठावीस रुपयांचा फरक निघाला म्हणून.
समोर रिपोर्टसाठी थांबलेली माणसं,
मी बघत होते
पाण्याच्या बाटलीचं निळं झाकण.

आईच्या मातीच्या दिवशी, दुपारी दोनला फोन:
"झालं ना? मग या आता."
मी गेले.
सगळ्यात जास्त हेच बोचतं. मी गेले.
दफनभूमीतली काळी माती चपलेला तशीच,
त्यांच्या चकचकीत टाइल्सवर.

मार्चमध्ये राजीनामा दिला, दोन ओळींचा.
त्यांनी पगार अडकवला, अनुभवाचा दाखलाही.
नवरा काही बोलला नाही,
शेजारी येऊन तांदूळ निवडत बसला.
मंडळीतल्या एक बाई मात्र बोलल्या,
"सोसायचं असतं गं. त्या मिसरी दासीलाही
देवानं परतच पाठवलं ना मालकिणीकडे?"

त्या रात्री शास्त्र उघडलं नाही.
दुसऱ्या रात्री उघडलं, भांडायला म्हणून.
खरंच, पहिल्यांदा तिला परत जायला सांगितलंय.
पण पुढची पानं कुणी वाचतच नाही का?
ती पुन्हा एकदा रानात आहे,
पाणी संपलंय,
लेकरू झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसलीये,
आणि या वेळी परत जा असं कुणीच म्हणत नाही.
तिला विहीर दिसते, एवढंच.
विहीर आधीपासून तिथेच असणार.

मेच्या दुसऱ्या रविवारी सदरच्या चर्चमध्ये लवकर पोचले,
घरात बसवेना म्हणून.
साडेसातलाच ऊन भिंतीवर चढलेलं.
शांतवनकाका कुलर भरत होते.
अजनीच्या शेडमधले रिटायर फिटर,
एका कानानं ऐकू येत नाही.
"नळी धर जरा, पोरी," म्हणाले
आणि नळाकडे गेले.
वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास येत राहिला,
टाकी कधी भरली कळलंच नाही.
पाणी ओसंडून बाकांखाली,
पार गीतांच्या पुस्तकांच्या पेटीपर्यंत.

मी नळी सोडली आणि उभी राहिले.
तिथल्यासारखीच. मान खाली, हात मागे,
आवाज चढायची वाट बघत.

काका आले. बघितलं.
"काऊन बावरून राहिली वं?
सांडलं त सांडलं. फरशी तशीबी तापूनच होती."
मग फडकं घेऊन गुडघ्यांवर बसले,
अडुसष्ट वर्षांचा माणूस, माझ्या पायांशी.
"पाय उचल थोडा," म्हणत पुसत गेले.
माझी चप्पल ओली, पाय ओले.

त्या दिवशीचा उपदेश आठवत नाही.
तिसऱ्या गीताला रडले,
कुलरच्या घरघरीत कुणाला कळलं नसावं.

प्रभू, मॅडमना क्षमा कर
असं अजून म्हणता येत नाही.
नावापर्यंत येते आणि घसा मिटतो.
तुला घाई नाही, हे थोडं थोडं कळतंय.

काल मोहन नगरात एका शिवणक्लासमध्ये गेले होते,
हिशेब लिहायचं काम, अर्धा दिवस, पैसे बेताचेच.
तिथल्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली.
मी उभीच.
"अहो, बसा ना," त्या म्हणाल्या,
आणि सुईत दोरा ओवू लागल्या,
माझ्याकडे न बघता.

मी बसले.
अगदी कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून,
पण बसले.